मयत वाचक

भाऊ कुणाला आजारपणात भेटायला आले की त्या घरातली माणसं चहा टाकायच्या आधी पुस्तकं लपवायची. पेशंटच्या हातात मोबाइल असेल तर तोही उशीखाली जायचा. कारण भाऊ तब्येतीची चौकशी करत नसत. खाटेच्या कडेला टेकायचे, पेशंटचा हात हातात घ्यायचे आणि अगदी मायेनं विचारायचे, "कुठवर आलात?"

म्हणजे पुस्तकात कुठवर आलात. गोदाकाठच्या एका गावातल्या सार्वजनिक वाचनालयाचे ते ग्रंथपाल होते आणि गावात कोण काय वाचतंय हे त्यांना पाठ असायचं. पण गावानं त्या प्रश्नाची धास्तीच घेतली होती. भाऊंनी विचारलं आणि माणसानं सांगितलं की तो पुन्हा उठत नाही, असं लोक बोलायचे. आता मरायला टेकलेल्या माणसाच्याच घरी गेल्यावर दुसरं काय होणार, असं मी म्हणायचे. पण मी पडले जालन्याची, मस्तगडातली. शहरातल्या माणसाला असल्या गोष्टी कळत नाहीत यावर गावाचं एकमत होतं.

दिसायला भाऊंमध्ये भिण्यासारखं काही नव्हतं. काटकुळं अंग, पांढरा सदरा, सदऱ्याच्या खिशात चष्म्याचं रिकामं घर आणि चष्मा कायम कपाळावर. आवाज मात्र त्या अंगात कुठून येतो असं वाटावं इतका भरदार. कुणी गेलं तर ते 'वारले' म्हणत नसत, 'थांबले' म्हणायचे. सकाळी कुलूप काढता काढता सांगायचे, "ताई, वरल्या गल्लीतले दाजी थांबले काल." ऐकणाऱ्याला वाटावं, दाजी फाट्यावर जीपची वाट बघत उभे असतील.

गोष्टीचा शेवट कुणी तोंडी सांगितलेला त्यांना खपत नसे. एकदा एका मुलीनं मैत्रिणीला कादंबरीतलं कोण कुणाशी लग्न करतं ते सांगून टाकलं, तर भाऊ तिच्याशी आठवडाभर बोलले नाहीत. शेवट ऐकायचा तर अक्षर न् अक्षर ऐकायचा, नाही तर ऐकायचाच नाही, असा त्यांचा दंडक होता.

मी तिथं संगणक चालक म्हणून लागले होते, कंत्राटावर. जालन्याहून घनसावंगीपर्यंत बस, तिथून पुढं उसाच्या मधून जाणारी जीप, आणि जीपमध्ये माझ्या मांडीवर रोज कुणाचं तरी लेकरू किंवा कोंबडी. सरकारनं गावोगावच्या वाचनालयांना डिजिटल ग्रंथालय जोडून दिलं होतं, त्यासाठी मी. सभासदानं आपलं खातं उघडायचं, पाहिजे ते पुस्तक संगणकावर किंवा मोबाइलवर वाचायचं, डोळ्यांनी दिसत नसेल तर ऐकायचं. पैसे सरकार भरणार. वाचणारा जिथं थांबेल तिथं यंत्र आपोआप खूण ठेवायचं. दुसऱ्या दिवशी खातं उघडलं की पडद्यावर नाव यायचं आणि खाली अक्षरं उमटायची: पुन्हा स्वागत आहे. आपण इथे थांबला होता. पुढे वाचायचे?

हे ग्रंथालय म्हणजे कागदावरची योजना नव्हती, एवढं मी छातीठोकपणे सांगू शकते. आमच्याकडची कितीतरी घरं दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात. आधी पोरं वाचनालयाचं पुस्तक अर्धं टाकून जायची, ते पुस्तक वर्षभर तसंच. आता ती उसाच्या फडातल्या पाचटाच्या कोपीत बसून बापाच्या मोबाइलवर तेच पुस्तक पुढं वाचायची. परीक्षांचा अभ्यास करणाऱ्या मुलींना महागडी पुस्तकं तिथं फुकट मिळायची. एक निवृत्त तलाठी होते, दोन्ही डोळ्यांनी गेलेले. ते कानाला यंत्र लावून दिवसभर प्रवासवर्णनं ऐकायचे आणि संध्याकाळी पारावर परदेशातल्या थंडीबद्दल तक्रार करायचे.

भाऊंना मात्र त्या सगळ्यात एकाच गोष्टीचं अप्रूप होतं. खुणेचं.

ते का, हे मला पहिल्या उन्हाळ्यात कळलं. एका दुपारी मी जेवून आले तर आतल्या खोलीचं दार लावलेलं. आतून भाऊंचा मोठ्यानं वाचण्याचा आवाज. मला वाटलं तलाठी आले असतील. दार ढकललं. संगणकासमोरची रेक्झिनची खुर्ची रिकामी होती आणि भाऊ तिच्या शेजारी स्टुलावर बसून, कडेनं मान घालून पडद्यावरचं वाचत होते. पान संपलं की थांबायचे, खुर्चीकडे बघायचे. मग हात लांब करून पान उलटायचे. एकदा उलटलेलं पान त्यांनी परत मागे घेतलं आणि पुन्हा पहिल्यापासून वाचलं. पडद्यावर वरच्या कोपऱ्यात नाव होतं ते आदल्या महिन्यात वारलेल्या कंपाउंडरचं.

मी दारातच उभी राहिले. अंगावर काटा आला हे कबूल करते. पुस्तक संपलं तेव्हा खुर्चीच्या गादीतून 'स्स' असा लांब सुस्कारा निघाला, जाड माणूस उठल्यावर निघतो तसा. भाऊ उठले, माझ्या बाजूनं पुढं होऊन त्यांनी दार पुरतं उघडलं आणि अंग चोरून बाजूला उभे राहिले. मग मला म्हणाले, "जाऊ द्या त्यांला."

फोम जुना झाला की करतो असं, असं मी त्यांना सांगितलं. गादी उसवली होती, मी दाखवूनही दिली. भाऊंनी मान डोलावली. माझ्या म्हणण्याला ते नेहमी मान डोलवायचे, त्याचा मला फार राग यायचा.

गावातला जो सभासद पुस्तक अर्धं टाकून मरेल त्याचं उरलेलं पुस्तक त्याच्या खात्यावर, त्याच्या खुणेपासून पुढं, मोठ्यानं वाचून पुरं करायचं असा भाऊंचा रिवाज होता. पासवर्ड त्यांनीच सगळ्यांना घालून दिलेले. बौद्ध वस्तीतलं कुणी गेलं तर ते पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मागे बसून राहायचे आणि कार्यक्रम संपला की घरच्यांना हळूच सांगायचे, उद्यापासून वाचायला घेतो. घरच्यांनी कधी नाही म्हटलं नाही. काही घरांतून तर दुपारी चहाचा थर्मास यायचा. एक पेला भाऊंचा, एक कुणाचा ते कुणी बोलत नसे.

हे वेड कुठून लागलं ते त्यांनी एकदाच सांगितलं. त्यांच्या बायकोला जालन्याच्या दवाखान्यात नेलं तेव्हा ती एक कादंबरी वाचत होती. वाचनालयाचीच, कागदाची. जीपमध्ये पडल्या पडल्या तिनं विचारलं, पुढं काय झालं हो त्या बाईचं? भाऊंनी ती वाचलेली होती. पण शेवट तोंडी सांगायचा नाही हा नियम, म्हणून म्हणाले, बरी झालीस की वाच. ती बरी झाली नाही. गडबडीत पुस्तक परत गेलं, दुसऱ्या कुणी नेलं, आणि ती कोणत्या पानावर होती हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.

"मंग पहिल्यापासून वाचून दाखवलं तिला," भाऊ म्हणाले. "पण तिला मागलं नको व्हतं, ताई. तिला पुढलं पाहिजे व्हतं. मी पान उलटलं की विचारायची, पुढं काय झालं. स्वयंपाकघरातून. भर दुपारी."

मी विचारलं, अजून विचारतात का? भाऊ म्हणाले, आता फार लांबून विचारते. मला त्यांची इतकी कीव आली की त्या दिवशी मी फोमबद्दल बोलले नाही.

गावाला हे सगळं उघड माहीत झालं ते मामीमुळं. त्या खरं तर एका आमदाराच्या मामी. आमदार मतदारसंघानं दूरचा, पण त्याचं आजोळ आमच्या गावचं, म्हणून अख्खा गाव त्याला भाचा म्हणायचा आणि त्या बाईंना मामी. मामी शाळेतून निवृत्त झालेल्या, तोंडानं फटकळ, रहस्यकथांच्या नादी लागलेल्या. भाच्यानं टॅब घेऊन दिला होता, त्यावर दिवसभर वाचायच्या. पण प्रत्येक पुस्तकाचं शेवटचं प्रकरण सोडून द्यायच्या. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "अर्धं ठेवलं म्हंजे न्यायला येत न्हाई." भाऊ आजारपणात भेटायला आलेले एकट्या त्यांनाच चालायचे. "कुठवर आलात?" म्हटलं की टॅब पुढं करून एकेका पुस्तकाचं नाव सांगायच्या आणि खुदकन हसायच्या.

तरी न्यायला आलंच. दहाव्याला सगळा गाव नदीवर होता. भाचा मुंबईहून आला होता, मागे पुढे गाड्या. पिंड ठेवून माणसं मागे सरली. समोरच्या बाभळीवर कावळे बसलेले, पण एकही खाली येईना. मामा हात जोडून म्हणाले, सुनेला जाच होऊ देणार नाही. मुलगा म्हणाला, बहिणीला माहेर तुटू देणार नाही. भाचा म्हणाला, गावातल्या शाळेला तुमचं नाव देतो. ऊन चढलं. गुरुजींनी दर्भाचा कावळा वळायला घेतला, म्हणजे खरा आला नाही तर तो शिववायचा.

तेव्हा भाऊ पुढं झाले. चपला काढल्या आणि पिंडाकडे बघून, शेजारणीशी बोलावं तसं म्हणाले, "मामी, शेवटली प्रकरणं राह्यली ना? मी वाचून दाखवतो. समदी."

त्यांचं बोलणं पुरं व्हायच्या आत कावळा उतरला. माझं म्हणणं असं, की भाऊ पुढं झाले तशी गर्दी मागे हटली आणि कावळ्याला जागा झाली. पण भाच्याचा चेहरा मी बघितला होता. त्यानं तिथल्या तिथं भाऊंच्या पायाला हात लावला.

मग सबंध उन्हाळा भाऊ दुपारी नुसती शेवटची प्रकरणं वाचत होते. खुनी एकामागून एक सापडत गेले. कुणाचा खून झाला ते भाऊंना ठाऊक नसायचं, पण मामींना ठाऊक होतं, तेवढं पुरे होतं. प्रत्येक पुस्तकाशेवटी गादी सुस्कारायची आणि पुढचं उघडलं की मधेच गप्प व्हायची. फोमचं हे वागणं मला थोडं जड गेलं.

या रिवाजानंच घात केला. डिजिटल ग्रंथालयाचा निधी नव्या आर्थिक वर्षापासून बंद करायचं वर चाललं होतं. योजना गुंडाळायची तर कारण पाहिजे, म्हणून कुणीतरी वाचकांची नावं मृत्यूच्या नोंदींशी ताडून बघितली आणि आमचं वाचनालय पहिल्या झटक्यात सापडलं. मेलेली माणसं रोज दुपारी वाचत होती. अशी बोगस वाचकसंख्या दाखवून पैसा लाटतात, असा शेरा पडला. विधिमंडळाची एक समिती जालन्याला येणार होती, वाचनालयांनी आपलं म्हणणं तिच्यापुढं मांडायचं होतं. समितीत आमचा भाचाही होता. गावाला वाटलं, आता कशाची काळजी.

जाताना बसमध्ये मी भाऊंना पढवलं. म्हटलं, एवढंच सांगा की मयतांची नावं कमी करायची राहून गेली, चूक झाली, पुढं होणार नाही. पोरांचं सांगा, मुलींचं सांगा, तलाठ्यांचं सांगा. बाकी काही बोलू नका. भाऊंनी मान डोलावली. तेव्हाच मला समजायला हवं होतं.

विश्रामगृहाच्या थंडगार खोलीत अधिकाऱ्यानं आमच्या मयत वाचकांची नावं वाचायला सुरुवात केली. एक सदस्य म्हणाले, मतदार यादीत मेलेली माणसं सापडतात हे ऐकून होतो, ती वाचतातही हे आज कळलं. सगळे हसले. अधिकाऱ्यानं भाऊंना विचारलं, ही नावं चुकून राहिली का? सुटायला दार अगदी उघडं करून दिलं होतं त्यानं.

"न्हाई," भाऊ म्हणाले. "ते वाचून राह्यले. मी वाचतो, ते ऐकतेत."

पुन्हा हशा झाला, या वेळी मोठा. मी जमिनीकडे बघत बसले. इतक्या लोकांच्या पुस्तकांवर यांनी एका वाक्यात पाणी सोडलं म्हणून मला त्यांचा भयंकर संताप आला होता. भाऊ हसू ओसरायची वाट बघत उभे राहिले आणि मग नेहमीच्या त्या भरदार आवाजात बोलले.

"मेलेले मोजके हायत, साहेब. त्यांचं मी पुरं करतो, त्यांना सरकारचं काय लागत न्हाई. पण तुम्ही मार्चअखेर हे बंद केलं तर जित्या माणसांची समदी पुस्तकं एकाच वक्ताला अर्धी राहतील. फडातल्या लेकरांची, पोरींची, आंधळ्या माणसाची. खुणा पुसून जातील. उद्या ही माणसं थांबली, अन् विचारायला आली पुढं काय झालं म्हणून, तर एवढ्यांना मी एकटा काय सांगू?"

कुणी हसलं नाही. एक बाई सदस्य खांद्यावरचा पदर सारखा करत उगाच दाराकडे बघू लागल्या. भाऊ भाच्याकडे वळले आणि म्हणाले, भाचेसाहेब, तुम्ही हायत की साक्षीला, मामींच्या दहाव्याला तुम्ही होते.

भाचा मोबाइलमध्ये बघत होता. वर न बघता तो शुद्ध पुस्तकी मराठीत म्हणाला, "कशाची साक्ष, भाऊ? मला असं काही आठवत नाही."

भाऊ खाली बसले. समितीनं दोन ओळी लिहून घेतल्या आणि पुढच्या वाचनालयाला बोलावलं.

बाहेर पोर्चमध्ये भाचा गाडीत बसत होता. भाऊ त्याच्याजवळ गेले. मला वाटलं रागावतील, पण रागावणं त्यांच्यात नव्हतंच. त्यांनी त्याचा हात हातात घेतला आणि अगदी मायेनं विचारलं, "कुठवर आलात, भाचेसाहेब?"

भाच्यानं हात असा ओढून घेतला की त्याचं घड्याळ सुटून खाली पडलं. ते उचलायलाही तो थांबला नाही. ड्रायव्हरनं उचललं. तो आमच्याच गावचा होता, तो आमच्याकडे न बघता पळाला.

त्या दिवसापासून भाऊंनी वाचनाचा सपाटा लावला. बंद होणार हे त्यांनी धरूनच चाललं होतं. त्याआधी थांबलेल्यांपैकी कुणाचं काही राहायला नको. सकाळी कुलूप काढलं की आत जायचे ते संध्याकाळीच बाहेर. भरदार आवाज बसला, मग घोगरा झाला, मग नुसता श्वास ऐकू यायचा, पण ओठ हलत राहायचे. मी म्हटलं, भाऊ, मी वाचते थोडं. तर म्हणाले, "तुमचा इश्वास न्हाई, ताई. त्यांना बराबर कळतं." राग आला मला. पण खरंच होतं.

फेब्रुवारीच्या एका दुपारी मी पोस्टात जाऊन आले. आतल्या खोलीचं दार उघडं होतं, पुरतं उघडं. भाऊ स्टुलावरच होते, डोकं टेबलावर टेकलेलं, चष्मा कपाळावर. पडद्यावर कुणा मयत सभासदाचं नाव होतं आणि खाली लिहून आलं होतं: आपण हे पुस्तक पूर्ण वाचले आहे. अभिनंदन. मी भाऊंना हाक मारली. मग हात लावला. मग तिथंच जमिनीवर बसून मी मोठ्यानं रडले, त्या बावळट खुर्चीसमोर.

घरी जाऊन डोळे पुसले आणि दुसऱ्या दिवशी पहिलं काम केलं ते भाऊंचं स्वतःचं खातं उघडायचं. म्हटलं, त्यांचं काही राहिलं असेल तर वाचायला कुणी नाही. पण अर्धं असं एकही पुस्तक नव्हतं. सगळी पुरी. ज्या माणसानं साऱ्यांचं राहिलेलं पुरं केलं त्यानं आपलं काही मागे ठेवलं नव्हतं.

दहाव्याला भाचा आला. न येऊन करतो काय, सांगतच होता त्याचा चेहरा. या वेळी गाडी एकच होती. भाऊंच्या पुतण्यानं सगळं केलं, पिंड ठेवला, माणसं मागे सरली. त्याच बाभळीवर कावळे बसले होते आणि इतके कावळे असूनही एकाचाही आवाज नव्हता. पुतण्या म्हणाला, काका, घरातला दिवा बंद होऊ देणार नाही. कुणी हललं नाही. तलाठी काठी टेकत पुढं आले, म्हणाले, तुमच्या नावानं पाणपोई घालतो. मग लोक माझ्याकडे बघायला लागले. मला माहीत होतं काही उपयोग नाही, तरी चपला काढून म्हणाले, भाऊ, काही राहिलं असेल तर मी वाचते. कावळे ढिम्म.

ऊन डोक्यावर आलं. गुरुजींनी दर्भ हातात घेतला आणि परत खाली ठेवला. मग एकेक करत सगळ्या माना भाच्याकडे वळल्या. आणि मला दिसलं ते मी सांगते, कुणी हसलं तर हसो. बाभळीवरचे कावळेही त्याच्याकडेच बघत होते.

भाचा खाकरला. म्हणाला, शासन या विषयी सकारात्मक आहे. कावळे हलले नाहीत. म्हणाला, मी स्वतः पाठपुरावा करीन. कुणी हललं नाही. योग्य त्या स्तरावर विषय मांडण्याचा प्रयत्न करू, असं म्हणता म्हणता त्याचा आवाज फुटला. त्यानं टोपी काढली, बूट काढले, मोजे काढले आणि तापलेल्या वाळूत पिंडासमोर जाऊन गुडघे टेकले.

"म्या बघितलं व्हतं, भाऊ," तो म्हणाला. "मामीच्या वक्ताला म्या बघितलं व्हतं. भर मीटिंगीत खोटं बोललो. निधी बंद हू देणार न्हाई. माझा शबूद हाय."

एकच कावळा उतरला. त्याला काही घाई नव्हती. चालत पिंडापाशी आला, चोच लावली, खाल्लं काहीच नाही. भाच्याकडे मान तिरकी करून जरा वेळ बघितलं आणि मग उडाला.

त्या कावळ्यानं पाठ सोडली नाही म्हणे. अधिवेशन सुरू झालं आणि भाच्याचे मला फोन यायला लागले. आमदार निवासातल्या खोलीच्या खिडकीत रोज सकाळी एक कावळा येऊन बसतो. हाकलला तर परत येतो. पोळी टाकली तर खात नाही. मी म्हटलं, साहेब, मुंबईत कावळे काय कमी आहेत? तो म्हणाला, "ताई, ह्यो आपल्याकडचा हाय. नुसता बघून राह्यलाय."

मार्च सरत आला तेव्हा भाचा सभागृहात उभा राहिला. आम्ही सगळ्यांनी वाचनालयात मोबाइलभोवती जमून पाहिलं. स्वतःच्याच सरकारशी भांडला तो. ऊसतोडीतली पोरं, परीक्षेच्या मुली, तलाठी, सगळं त्यानं सांगितलं. शेवटी म्हणाला, अध्यक्ष महोदय, वाचणारा माणूस मध्येच थांबला तर ते पाप कुणाच्या माथी? सभागृहाला ते फारसं कळलं नसावं. त्याच्या बोलण्यातला घाबरा जीव मात्र सगळ्यांना कळला. दोन-चार जण त्याच्या बाजूनं उठले, मग आणखी उठले. निधी राहिला. संध्याकाळी त्याचा फोन आला, एवढंच म्हणाला, गेला ताई, खिडकीतला.

मी हुश्श केलं. पण मग वाटलं, भाऊंचं असं भागायचं नाही. निधी राहिला हे नुसतं तोंडी सांगितलेलं त्यांना कधी चाललं असतं? म्हणून शासन निर्णय हातात येईपर्यंत मी थांबले. तो आला तशी दुपारी आतल्या खोलीचं दार लावलं, खिडक्या लावल्या, पंखा बंद केला. रेक्झिनची खुर्ची संगणकासमोर ओढली आणि शेजारी स्टुलावर बसून पडद्यावरचा शासन निर्णय मोठ्यानं वाचायला लागले. वरचा विषय, संदर्भ, प्रस्तावना, सगळं. सरकारी मराठी, एका वाक्यात तीन वेळा श्वास घ्यावा लागतो. पान संपलं की थांबत होते, खुर्चीकडे बघत होते. मधला एक परिच्छेद मी मागे जाऊन पुन्हा वाचला. का, ते सांगता येणार नाही. त्यांना नीट ऐकू आलं नसावं असं वाटलं.

शेवटची ओळ असते ती वाचली, महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने. पुढं काही नव्हतं.

गादीतून सुस्कारा निघाला. लांब, हळूहळू, काटकुळ्या माणसाचा असावा इतका हलका.

फोम जुना झाला की करतो असं, हे इतकी वर्षं मीच सांगत आले होते. मी स्टुलावरून उठले, दार पुरतं उघडलं आणि अंग चोरून बाजूला उभी राहिले.